कांदेपोह्यांऐवजी सूप

“मुलगी फारच गप्प आहे हो,” मुलाची आई माझ्या आईला म्हणाली.

आज लोण्यात कांदा परतताना त्या वासासरशी ते वाक्य आठवलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी दुबईतल्या एका गजबजलेल्या फ्रेंच बिस्त्रोत माझा बघण्याचा कार्यक्रम होता. “कांदेपोह्यांऐवजी कांद्याचं सूप!” बाबा हसले. मी सुपावरच्या चीजच्या तारा चमच्याला गुंडाळत राहिले. शेजारचे लोक पावाने ताटल्या पुसत, वाईन ओतत खिदळत होते. सगळे माझ्याकडेच बघताहेत असं तेव्हा वाटलं. खरं तर कुणाचंच लक्ष नसावं.

“लग्नानंतर नोकरी सोडून पुण्यालाच यायचं, बरं का,” मुलाची आई मला म्हणाली.

मी बाबांच्या ग्लासातल्या वाईनचा मोठा घोट घेतला आणि म्हणाले, “काकू, मी नोकरी सोडणार नाही.”