दोन बुड्यांच्या मधले तीन तास

माझ्या बायकोच्या मामांइतका घड्याळाला मानणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. उमेदीची वर्षं नौदलात पाणबुड्या म्हणून काढली आणि पेन्शन घेऊन राहायला आले कुठं, तर ऐन दुष्काळात तेरला, जिथं आंघोळीला तांब्याभर पाण्याची मारामार! खिशात कायम मेणकापडातला एक तक्ता: किती फूट खोल, किती मिनिटं, मग वर किती थांबायचं. बारवेतून वर येतानासुद्धा शेवटच्या तीन पायऱ्यांवर मामा घड्याळ बघत उभे. मागं भरल्या घागरींच्या बाया खोळंबलेल्या. "अवो मामा, सरका की!" "सवय हाय बाई, तीन मिंटं थांब."

पुढं गावाजवळचं नवं धरण पहिल्यांदा भरलं, आणि त्याच्या काठच्या आमच्या उपसा सिंचन सोसायटीच्या विहिरीत, नव्वद फुटांवर, पंपाची जाळी गाळानं बुजली. पाणी डोळ्यांसमोर आणि ऊस वाळतोय. मी सेक्रेटरी. मामांनी मुंबईच्या जुन्या दोस्तांकडून हवेच्या दोन टाक्या आणल्या. वीस मिनिटांच्या बुडीत अर्धी जाळी मोकळी केली, वर आले आणि बसले. "आता तीन तास."

"तीन तास?"

"खाली हवा आंगात मुरती, जावईबापू. ती निघूस्तवर परत उतरलं, तर सांध्यात सोड्यावाणी फसफसती." भाकरी खाल्ली, घड्याळ माझ्याकडं दिलं. "दीड वाजला की उठवा." आणि बाभळीखाली घोरायला लागले.

लोक पेटले. चेअरमन म्हणाले, "सेक्रेटरी, तुमचा पाव्हना झोपाया आलाय व्हय?" मला मामांची लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते. आभाळ भरलेलं, ऊन कुठंच नव्हतं. मी घड्याळाचे काटे दोन तास पुढं सरकवले आणि त्यांना हाक मारली.

त्यांनी घड्याळ पाहिलं, तक्ता पाहिला आणि निमूट उतरले. पंप सुरू झाला, पाटाला पाणी आलं, गुलाल उधळला. त्या गडबडीत घड्याळ पुसायच्या निमित्तानं मी काटे मागं घेतले. इतका हलकट मी, हे मलाही ठाऊक नव्हतं.

दिवेलागणीला मामांचा उजवा खांदा आखडला. उस्मानाबादच्या डॉक्टरनं वाताचं औषध दिलं. खांदा काही सुटला नाही. मामा तक्ता तीनतीनदा तपासत. "तक्ता बराबर. घड्याळ तुमच्याकडं व्हतं, तेबी बराबर. म्हंजी आंगच थकलं माझं." टाक्या परत पाठवल्या. सोसायटीनं सत्कार ठेवला, तेव्हा नारळ डाव्या हातानं घेतला आणि माझीच माफी मागितली.

पुढं अकरा वर्षं जगले. मनगटावर घड्याळ असूनही भेटले की विचारायचे, "किती वाजले, जावईबापू? तुमचं बराबर असतंय."

मी सांगायचो. मिनिटासकट, खरी वेळ सांगायचो. तेवढंच सांगायचो.