साडेसातच्या बातम्या आणि डावी पापणी

"पोट्टा घेऊन आला वाटते," मागच्या बाकावरची बाई तिच्या सुनेला हळूच म्हणाली. "डोये पाह्य ना कसे झाकून राह्यले. दवाखान्यात तरी नाई प्याव मानसानं."

मी वळून पाहिलं नाही. माझ्या शेजारी दादा भिंतीला डोकं टेकून बसला होता. त्याची डावी पापणी अर्ध्याहून जास्त खाली आली होती. खालचा जबडा त्याने तळहातावर तोलून धरला होता, सोडला तर पडेल अशा बेताने. त्यालाही ऐकू गेलं असणार.

त्यानंतर तासाभरात, वर्ध्याच्या त्या मोठ्या रुग्णालयात, त्याच्या आजाराचं निदान झालं. त्याआधीचे सात महिने आमच्या सेलूत त्या बाईचंच निदान चालू होतं.

ज्यांच्या घरात असा कोणी असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी बोलणारी मुलगी नाही. लिहायला मला सोपं जातं.

दादा, म्हणजे नितीन, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. बाबांचं सेलूत हार्डवेअरचं दुकान आहे, तो तिथे बसायचा. २००३ च्या सुमारास आमच्याकडे रोज साडेसातला लाइन जायची. टीव्ही बंद पडला की कंदिलाच्या उजेडात दादाच्या बातम्या सुरू व्हायच्या. मांडीवर वर्तमानपत्राची घडी, आणि चेहरा अगदी गंभीर.

"मालिकेतल्या नायकाची प्लास्टिक सर्जरी यशस्वी. चेहरा बदलला आहे. अभिनयाला मात्र डॉक्टरांनी हात लावला नाही." "भारत हरला. शेजारच्या देशमुख काकांनी टीव्ही बंद करून संघाला शिक्षा दिली आहे." मग खासगी बातम्या: "दुकानात आज बसलेल्या गृहस्थाने एक किलो खिळे विकले. हिंगणघाटच्या मुलीकडच्यांनी त्याच गृहस्थाला पाहिलं, निकाल राखून ठेवला आहे." शेवटी तो माझ्याकडे वळायचा. "आता आमच्या खास वार्ताहर. काही बातमी?" मी मान हलवायची. "वार्ताहरांकडे बातमी नाही. नमस्कार."

मी वर्ध्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे माझं मराठी लिहिणं कच्चं. सराव म्हणून मी त्याच्या बातम्या वहीत उतरवायची. तारीख आणि खाली बातम्या. सुरुवातीला रोजचं एक पान भरायचं.

वहीत एका दिवशी असं आहे: "मालिकेतल्या सासूबाई आज दोन दिसल्या. एक होती तेव्हाच जड जात होती." आम्ही सगळे हसलो. आईच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. तो मात्र खरंच सांगत होता. याला डिप्लोपिया म्हणतात, म्हणजे एकाच वस्तूच्या दोन वस्तू दिसणं. दादाने ते विनोदात सांगितलं, कारण तो सगळंच तसं सांगतो.

मग त्याचा आवाज नाकातून यायला लागला. आम्हाला वाटलं, कोणाची तरी नक्कल करतो आहे. भाकर अर्धी खाऊन तो ताट सरकवायचा. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचे शब्द घसरायचे, डोळे मिटत आल्यासारखे दिसायचे.

आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे. इथे पिणारा लपून पितो. त्यामुळे एखाद्याने शपथ घेऊन सांगितलं की मी पीत नाही, तरी लोक मान डोलावतात आणि मनात ठरवतात, चांगलं लपवतो.

हिंगणघाटचा निरोप आला: मुलगा चांगला आहे, पण संध्याकाळचा बरा वाटत नाही. त्या दिवशी बाबा दादाच्या अगदी जवळ गेले आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता.

"विलायची खाऊन येते," बाबा आईला म्हणाले.

डॉक्टरांकडे आम्ही गेलो नाही असं नाही. सेलूतल्या डॉक्टरांकडे सकाळी दहाला नेलं. दादा ताजातवाना होता, पापण्या जागच्या जागी. टॉनिक मिळालं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे साडेनऊला नंबर लागला. नजर उत्तम. दवाखाने सकाळचे आणि दादाचं दुखणं संध्याकाळचं. दोघांची भेटच होत नव्हती.

आता माझ्याबद्दल. दादा पाणी पिऊन उठला की मी त्याचा ग्लास उचलून हुंगायची. दोनदा केलं हे. मग त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी दोन रकाने आखले, सकाळ आणि संध्याकाळ. तो किती वाजता बाहेर गेला, कोणाबरोबर गेला, परत आल्यावर कसा होता. मला त्याला पकडायचं होतं. माझ्या काळजीचं रूप हे असं होतं.

पण रकाने भरत गेले आणि मला भीती वाटायला लागली. "दिवसभर घरीच. तरी सात वाजता डावा डोळा खाली." "दुपारी दोन तास झोपला. उठल्यावर डोळा सरळ. आठला परत खाली." वहीच्या पुढच्या बाजूला बातम्या आखूड होत चालल्या होत्या. अर्धं पान, मग सहा ओळी, मग एकच: "आज विशेष काही नाही." हे मी आठ दिवस कोणालाच सांगितलं नाही. कसं सांगायचं ते कळत नव्हतं. माझ्या न बोलण्यामुळे गेलेले ते आठ दिवस मला अजून आठवतात.

नवव्या दिवशी संध्याकाळी तो पाणी प्यायला आणि पाणी नाकातून बाहेर आलं. त्याला ठसका लागला, श्वास घेता येईना. आईने पाठ चोळली. दोन मिनिटांनी तो सावरला आणि नाकातल्या आवाजात म्हणाला, "पाणीपुरवठ्यात बिघाड." कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही वर्ध्याला गेलो. अकरा वाजता आत बोलावलं. एक तरुण डॉक्टर होते आणि त्यांच्या वरिष्ठ, साठीच्या मॅडम.

बाबा हात जोडून म्हणाले, "मॅडम, हा घेते. आमचं आयकत नाई. तुमीच समजावा."

"घेतोस का रे?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, जिल्ह्यात बंदी आहे," दादा म्हणाला. "मी कायदा पायतो, म्हनून घरचे नाराज आहेत."

तरुण डॉक्टर हसले. त्यांनी तपासलं. सगळं नॉर्मल. ते कागदावर काहीतरी लिहायला लागले. मला वाटलं, आता आपण पुन्हा घरी जाणार, आणि संध्याकाळ होणार. मी पिशवीतून वही काढली, मागचं पान उघडलं आणि मॅडमच्या टेबलावर सरकवली.

त्यांनी चार पानं वाचली. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "घरी जाऊ नका. पाच वाजेपर्यंत याला बसवून ठेवा. झोपू देऊ नका. बोलतं ठेवा."

म्हणून आम्ही त्या बाकावर होतो. सहा तास. आईने दिलेल्या पोळ्या दादाला चावल्या जाईनात. बाबा चहाला जायचे आणि न पिता परत यायचे.

पाच वाजता मॅडमनी दादाला छताकडे बघायला लावलं. "पापणी मिटायची नाही." मिनिटभरात दोन्ही पापण्या खाली आल्या. एकपासून मोजायला सांगितलं. बत्तीसला आवाज नाकात गेला, चाळीसला शब्द कळेनासे झाले. मग त्यांनी निओस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं आणि घड्याळ लावून बसल्या.

वीस मिनिटांनी दादाची डावी पापणी वर गेली. हळूहळू, दुकानाचं शटर वर जावं तशी. बाबा स्टुलावरून उठून उभे राहिले.

"हा पीत नाही," मॅडम बाबांना म्हणाल्या. "याला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे."

मला जसं समजलं तसं सांगते. आपली नस स्नायूला निरोप देते. या आजारात शरीर स्वतःच तो निरोप अडवतं. स्नायू वापरला की थकतो, विश्रांती मिळाली की परत चालतो. म्हणून सकाळी माणूस बरा असतो. गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू थकले तर जिवावर बेततं. दादा त्याच्या किती जवळ गेला होता, ते मॅडमनी आम्हाला नंतर सांगितलं.

गोळ्या सुरू झाल्या. जेवणाच्या अर्धा तास आधी, घड्याळ बघून. नागपूरला छातीचं सीटी स्कॅन झालं. तिथली थायमस नावाची ग्रंथी वाढलेली निघाली, चार महिन्यांनी ऑपरेशन करून ती काढली. दादा पूर्ण बरा नाही. गोळी चुकली की पापणी आठवण करून देते. कोणतंही नवीन औषध घेण्याआधी आम्ही आजाराचं नाव डॉक्टरांना सांगतो, काही अँटिबायोटिक्स या आजारात चालत नाहीत. तुमच्या घरी असं कोणी असेल तर त्रास किती वाजता होतो ते लिहून ठेवा, आणि दवाखान्यात त्याच वेळी न्या.

बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वहीची गोष्ट सांगायला लागले. "पोरीनं लिवून ठेवलं म्हनून वाचला भाऊ." गिऱ्हाइकं माझ्याकडे कौतुकाने बघायची, मी आत निघून जायची. तो वास कधी घेतलाच नव्हता असं बाबा वागत होते, आणि वही मायेनेच लिहिली होती असं मी वागत होते.

ऑपरेशननंतरच्या उन्हाळ्यात एकदा साडेसातला लाइन गेली. आईने कंदील लावला. दादाने वर्तमानपत्राची घडी मांडीवर घेतली.

"सातशे भागांनंतर मालिकेतल्या सासूबाई आज एकच दिसल्या," तो म्हणाला. "प्रेक्षकांमध्ये समाधान." आई हसली आणि मग पदराने डोळे पुसत बसली. बातम्या पूर्ण पानभर चालल्या. शेवटपर्यंत आवाज स्वच्छ होता. मग तो माझ्याकडे वळला.

"आता आमच्या खास वार्ताहर. काही बातमी? नाही. तर मग नमस्..."

"आहे," मी म्हणाले. "थे मागची पानं मी तुले पकडाले लिवली होती, दादा. मले बी वाटे, तू घेतं म्हनून."