मामांचे समान थांबे

माझ्या मामांइतकं संविधान मनावर घेतलेला माणूस अख्ख्या मोताळा तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. लोक ते भिंतीवर लावतात, भाषणात म्हणतात. मामा ते वापरतात. एका लग्नात वरपक्षाच्या ताटात दोन जिलब्या आणि आमच्या ताटात एकच पडली, तेव्हा त्यांनी भर पंगतीत उठून वाढप्याला ‘दर्जाची व संधीची समानता’ ऐकवली. वाढपी इतका घाबरला की परातच आमच्यापुढं ठेवून पळाला. उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, त्यामुळे घरी पाहुणे आले तरी ‘पुढं सरका, पुढं जागा आहे’ हे तोंडून निघतंच. गोठ्यातल्या म्हशीलाही ते अहोजाहो करतात. “काऊन हो मामा?” म्हणून विचारलं तर म्हणाले, “सवय राहते माय. हिले ‘तू’ म्हनत बसलो, तर मानसाच्या वेळी ‘तुमी’ निघत नाही.” शिवाय अर्जांचा नाद. प्रत्येक अर्ज तीन प्रतींत; तिसरी प्रत मामीला वाचून दाखवायची आणि भाकरी थापता थापता तिनं त्यावर पिठाचा अंगठा उठवायचा.

तर झालं असं, की गावात महिन्यातून एकदा सिस्टर गरोदर बायकांची तपासणी करायला यायच्या आणि वरच्या आळीतल्या देवळाच्या सभामंडपात बसायच्या. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायका तिकडं जात नसत. कोणी हाकलत नव्हतं, पण ‘या, बसा’ असंही कोणी म्हणत नव्हतं. मशिदीमागच्या गल्लीतल्या बायकांचंही तेच. सिस्टर रजिस्टरात लिहायच्या, ‘बोलावूनही आल्या नाहीत.’ हे कानावर आलं आणि मामा तडक सभामंडपात जाऊन उभे राहिले.

“सिस्टर, तुमी थांब्यावर गाडी थांबवत नाही, आन् वर लिहून राह्यल्या का प्रवासी नाहीत?”

“काका, देऊळ सगळ्यांचंच आहे ना?”

“हाव ना! मंग विहारही सगळ्यांचंच हाये, उर्दू शाळाही सगळ्यांचीच. एकेक महिना तिथं बसून पाहा.”

पुढं अर्जांवर अर्ज झाले, ग्रामसभेत आवाज चढले, आणि शेवटी पाळ्या ठरल्या. पहिली पाळी विहाराची. आमच्या चारदोन बायका आल्या आणि उरकून गेल्या. वरच्या आळीतली एकही फिरकली नाही. मामा मात्र खुर्च्या मांडून दुपारपर्यंत दारात उभे. मामी जेवायला बोलवायला आली, तर म्हणाले, “रिकामी गाडीही टायमावरच सोडा लागते.”

दुसरी पाळी उर्दू शाळेत. मामा गल्लीत दारोदार फिरले. कपडे शिवणाऱ्या शबानाला आठवा महिना होता, पाय सुजून टम्म झाले होते. तिची सासू म्हणाली, “पाँव तो सबके सूजते, भाईसाब.” मामांनी हात जोडले, “हाव आपा. पन एक खेप बीपीची पट्टी बांधून पाहू द्या.” सिस्टरांनी दंडाला पट्टी बांधली, यंत्राकडं पाहिलं, पुन्हा बांधून पुन्हा पाहिलं आणि हळूच विचारलं, “डोकं कधीपासून दुखतंय?” तासाभरात शबाना गाडीत होती. मागं सासू दुआ पुटपुटत होती आणि पुढं बसलेले मामा बुलढाण्याचा घाट संपेपर्यंत ड्रायव्हरला प्रत्येक वळण समजावून सांगत होते. त्याच दिवशी मुलगी झाली, मुठीएवढी. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण दोघी घरी आल्या.

त्यानंतर देवळाची पाळी आली, तेव्हा शबानाची सासू नातीला छातीशी धरून सभामंडपाच्या पायरीशी थबकली. आतून वरच्या आळीतल्या एका म्हातारीनं सतरंजीवर हात आपटला, “उभी काऊन राह्यली व माय? आन तिले इकडं, पाहू दे.” आणि पुढच्या खेपेला तीच म्हातारी सुनेला घेऊन विहारात आली.

मागच्या महिन्यात मी गेले होते. विहाराचं अंगण बायकांनी भरलं होतं. मामा आता थकलेत, गुडघे बोलतात. तरी कडेला उभे राहून पुढं सरका, पुढं सरका चाललंच होतं. सिस्टरांनी त्यांनाच धरून खुर्चीत बसवलं आणि दंडाला पट्टी बांधली. यंत्राकडं बघता बघता सिस्टरांचा चेहरा उतरला.

“काका, हे बीपी आजचं नाही दिसत. इतक्या वर्षांत कधी तपासलं नाही?”

मामा ओशाळले. “माहा नंबरच नाही आला, माय.”

सगळ्या बायका खळखळून हसल्या, मीही हसले. मामी तेवढी हसली नाही. तिनं पुढं होऊन त्यांची वर सारलेली बाही सावकाश खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावून दिलं.