चासीतली जादा पट्टी

मी डेंटर आहे. ठोकलेल्या गाड्या सरळ करण्यात माझी हयात गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की याला पत्र्यातलं काय कळतंय. मला कळतं. माझ्या आळीतल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त कळतं, आणि तेच त्यांना झोंबलंय.

लातूरकडून आलो ते थेट काळेवाडीत, उस्तादांच्या गॅरेजात. उस्ताद इथल्याच जुन्या मुसलमान घरातले. आगीवर त्यांचा हात असा, की गॅसची ज्योत फिरवण्याआधी पत्रा कुठपर्यंत लाल होणार ते बोटानं आखून दाखवायचे, आणि तो तिथपर्यंतच लाल व्हायचा. त्यांनी मला काम दिलं, राहायला गॅरेजमागची खोली दिली, पुढे लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांसमोर माझी हमीही त्यांनीच घेतली. त्यांच्याविरुद्ध उभं राहायची वेळ येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं.

गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही अंगांना, बंपरपासून थेट ड्रायव्हरच्या पायांखालपर्यंत जाणाऱ्या दोन चौकोनी पोकळ तुळया दिसतात. पुस्तकात त्यांना काहीही म्हणोत, आम्ही चासी म्हणतो. गाडी समोरून ठोकली की ही चासी दुमडते. मग ती गॅसनं तापवायची, साखळी लावून ओढायची, हातोड्यानं लायनीवर आणायची. एवढं बहुतेक गॅरेजं करतात. आमची रीत त्याच्यापुढे सुरू व्हायची. सरळ केलेल्या चासीच्या पुढच्या टोकाला उस्ताद आपल्याकडची एक जाड लोखंडी पट्टी वेल्ड करून द्यायचे. गिऱ्हाइकानं मागितलेली नसायची, बिलात यायची नाही. "ही आपल्याकडून," एवढंच म्हणायचे. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर पट्टी जाड, जिव्हाळ्याचं असेल तर दोन्ही बाजूंना. या पट्टीसाठी लोक निगडीहून, देहूरोडहून आमच्याकडे यायचे.

मी आजवर सगळ्यात जाड पट्टी लावली ती एका सिस्टरच्या गाडीला.

माझी बायको चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला आहे. एकदा पोटात कळ येऊन ती कामावरच कोसळली आणि तिला तिथल्याच जवळच्या दवाखान्यात नेलं. मी पोचेपर्यंत ऑपरेशनची तयारी झाली होती. त्या वॉर्डातली एक सिस्टर ड्युटी संपली तरी घरी गेली नाही. बायको शुद्धीवर आली तेव्हा तिचा हात या बाईच्या हातात होता. ही सिस्टर चिंचवडला राहते, रोज स्वतःची गाडी चालवत चाकणला जाते, वाटेत भोसरीतून आणखी दोन सिस्टरना बसवून घेते. पुढे दोनेक महिन्यांनी मोशीजवळ तिची गाडी एका टेम्पोला मागून धडकली. कुणाला लागलं नाही, पण गाडीचं नाक गेलं. तिनं मला फोन केला आणि मी गाडी स्वतः ओढून आणली.

त्या कामात मी जीव ओतला. चासी तापवली, ओढली, सुतात आणली. मग दोन्ही बाजूंना दुप्पट जाडीच्या पट्ट्या लावल्या. गाडी परत देताना छाती फुगवून म्हणालो, "सिस्टर, रणगाडा करून दिलाय. आता समोरचा मोडेल, तुमची गाडी नाही." ती खूश झाली, आणि तिच्याहून जास्त मी.

माझी भाची भोसरीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. डिप्लोमा करून चाकणच्या एका कंपनीत लागली. तिथे याच चासी बनतात आणि त्यांचे वेल्ड तपासणं हे तिचं काम. सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडे जेवायला येते. सिस्टरची गाडी दिल्यानंतर अशाच एका सुट्टीला मामीनं दिलेला डबा घेऊन ती गॅरेजात आली. मी एका नव्या गाडीच्या दुमडलेल्या चासीला जादा पट्टी मापून बघत होतो. चासी अजून तापवायची होती. पोरीनं डबा खाली ठेवला आणि विचारलं, "मामा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हणालो, तीस वर्षांच्या अनुभवानं. ती हसली नाही. तिनं वाकून चासीच्या पुढच्या टोकावरच्या खाचा दाखवल्या. मी त्या हजार वेळा पाहिल्या होत्या आणि कारखान्यातल्या साच्याची नक्षी समजत आलो होतो.

"पुढचा वीतभर भाग मुद्दाम कमजोर ठेवतात, घड्या पडाव्यात म्हणून. मागचा भाग मजबूत, त्याला आतून दुसरा पत्रा दिलेला असतो. पुढचा मोडतो आणि धक्का खातो, म्हणून मागचा टिकतो. तुम्ही पुढचा जाड करता आणि मागचा तापवून मऊ करता. सगळं उलटं झालं ना, मामा?"

माझं डोकं सणकलं. दोन बुकं शिकून आलेली पोरगी उस्तादांसमोर मला शिकवणार? मी तिला म्हणालो, कंपन्या पत्रा पातळ करतात आणि मग अशा गोष्टी रचतात. स्टुलावर बसलेल्या उस्तादांनी मान डोलावली. ती शांतपणे म्हणाली, माझ्यावर विश्वास ठेवू नका, पत्र्याला विचारा.

गॅरेजच्या मागे एका नव्या मॉडेलचा सांगाडा भंगारात जायचा होता. तिची जिरवायची म्हणूनच मी ग्राइंडर उचलला आणि त्याच्या चासीच्या मागच्या भागातून दोन सारख्या पट्ट्या कापल्या. एक तशीच ठेवली. दुसरी, आम्ही नेहमी तापवतो तशी, लाल केली आणि गार होऊ दिली. मग कोरी पट्टी शिकंज्यात पकडली, वरून पाइप घातला आणि जोर लावला. ती थोडी वाकली आणि अशी उसळून मागे आली की पाइप माझ्या मनगटावर बसला. तापवलेली पट्टी एका हातानं वाकली आणि वाकून तशीच राहिली. मी तीनदा पट्ट्या कापल्या आणि तीनदा तेच झालं. उस्ताद म्हणाले, "पत्रा खराब असंल." पण तो एकाच चासीचा पत्रा होता, आणि ते त्यांनाही दिसत होतं.

मला शरम वाटली. पोरीपुढे हरल्याची नव्हे. हातोडीच्या आवाजावरून पत्र्यातली चीर ओळखणारा माणूस मी, आणि पत्रा बदललाय हे मला कळलं नव्हतं. जुन्या गाड्यांचा पत्रा मुळात मऊ, त्याला आगीनं फार फरक पडत नसे. नव्या गाड्या बहुतेक शोरूमलाच जातात. आमच्याकडे दुरुस्तीला नव्या पत्र्याच्या दोनच आल्या होत्या. एक समोर उभी होती आणि तिला अजून आग दाखवली नव्हती. तिचं काम मी तिथेच थांबवलं. दुसरी रोज तीन बायकांना घेऊन चाकणला जात होती, माझ्या दुप्पट पट्ट्यांसकट.

मी हात धुतले आणि म्हणालो, सिस्टरकडे जाऊन गाडी परत आणतो.

उस्ताद स्टुलावरून उठले. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "बेटा, दुकानाची चूक दुकानानं गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन सांगायची न्हाई. आज हिला सांगशील, उद्या सगळी काळेवाडी विचारंल, आमच्या गाडीत काय घालून ठेवलंय. माझी उभी हयात त्या पट्टीत हाय."

मी म्हणालो, "आणि तिचा जीव?"

"गाडी पळतीय ना?"

"पळतीय."

"मग? जाणार असशील तर चाव्या ठेवून जा."

गॅरेजच्या चाव्या वीस वर्षं माझ्या कमरेला होत्या. मी त्या शिकंज्याशेजारी ठेवल्या. बाहेर टायरवाला, बॅटरीवाला, सीटकव्हरवाला सगळे ऐकत होते. एकानं मला बाजूला घेऊन समजावलं, राव, कशाला पायावर धोंडा मारून घेतोस, गप बस, कुणाला कळणारे. मला कळलं होतं, तेवढं मला पुरेसं होतं.

चिंचवडच्या सोसायटीत पोचलो तेव्हा सिस्टर दुपारच्या ड्युटीला निघत होती. किल्ली हातात, डबा खांद्याला. मी म्हणालो, गाडी मला द्या, काम चुकलंय. तिचा दीर गॅलरीतून खाली आला. गाडी मख्खन चालतेय म्हणाला, आणि हा परत बिल लावायला आलाय, हेही मला ऐकू जाईल असं म्हणाला. वॉचमननं मला गेटकडे चलायला सांगितलं. मी गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो. बंपर माझ्या गुडघ्यांना टेकला होता. गाडी काढायची तर माझ्या अंगावरून काढा, म्हणालो. नाटकी वाटलं असेल. वाटू दे.

सिस्टर वैतागली. "दादा, तुम्हीच म्हणालात ना, रणगाडा करून दिलाय?"

"म्हणालो. आणि खोटं नाही बोललो. गाडीचं नाक आता मोडणारच नाही. पण मग धक्का जाणार कुठं? या चासीचं दुसरं टोक तुमच्या पायांखाली आहे, आणि तिथला पत्रा मी माझ्या हातानं तापवून मऊ केलाय."

दीर अजून बोलत होता. सिस्टरनं त्याला हातानं थांबवलं आणि आपल्या चपलांकडे पाहिलं. चाकणच्या त्या रस्त्यावरून वॉर्डात काय काय येतं ते तिनं मला बायकोच्या खाटेशेजारी बसून सांगितलेलं नव्हतं, पण ती रोज ते बघत होती. वरून धड दिसणारी माणसं आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चुरा झालेले पाय. ते कसे होतात हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. तिनं किल्ली माझ्या हातावर ठेवली, भोसरीतल्या दोघींना फोन करून आज बसनं या म्हणून सांगितलं आणि रिक्षा शोधायला गेटबाहेर पडली.

काळेवाडीत जागा नव्हती, म्हणून भोसरीला एमआयडीसीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गाडी लावली. त्याच्याकडे माप घेऊन चासी जोडायचा बेड आहे. दोन्ही बाजूंचे नवे भाग मागवले. खर्च माझा मी बघितला, त्याबद्दल इथे बोलणार नाही. भाची रोज शिफ्ट सुटली की यायची आणि जोड कुठे घ्यायचा, वेल्ड कुठे आणि किती, ते कंपनीनं गॅरेजवाल्यांसाठी छापलेल्या पुस्तकातून वाचून दाखवायची. वेल्डचे जितके स्पॉट कंपनीचे तितकेच माझे. शेवटी एक जास्तीचा मारायला हात इतका शिवशिवला की मी वेल्डची गन खाली ठेवून चहाला निघून गेलो. आयुष्यभर मी जादा देण्यातच इमानदारी मानली होती. मोजून द्यायला मला फार जड गेलं, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी उस्ताद आले. शेअर रिक्षातून उतरले, माझ्याकडे न बघता गाडीपाशी गेले, नव्या चासीच्या जोडावरून अंगठा फिरवला. कोपऱ्यात मी कापून टाकलेले जुने तुकडे पडले होते, पट्ट्यांसकट. ते त्यांनी बराच वेळ पाहिले.

"जोड चांगला आलाय," म्हणाले. मग म्हणाले, "ह्यात आपलं काय हाय?"

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं आणि परत गेले. चाव्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मी अजून भोसरीलाच काम करतो. ईदला त्यांच्या घरी जातो, ते शीरखुर्मा वाढतात, गाड्यांबद्दल आम्ही बोलत नाही. त्यांच्या गॅरेजात आजही पट्टी लागते. नव्या पत्र्याची गाडी आली तर मात्र ते परत पाठवतात, असं टायरवाला सांगतो. माझी माणसाची पारख चुकली नव्हती.

आळीतले लोक मला अजून खोचकपणे विचारतात, मग काय, झाला का त्या सिस्टरचा अपघात? नाही झाला. देव करो नि कधी न होवो. ती रोज जाते, रोज येते. म्हणजे मी उगाच कमरेच्या चाव्या घालवल्या, असं त्यांचं म्हणणं. असू दे त्यांचं. ती मेल्यावर मी बरोबर ठरणार असेन, तर मला जन्मभर चूकच राहायचंय.

गाडी परत द्यायला गेलो तेव्हा दीरानं बॉनेट उघडून सगळीकडे हात फिरवला. मजबूत वाटत नाही म्हणाला. मी म्हणालो, पुढून नाहीच आहे. सिस्टर बाजूला उभी होती. तिनं दिराला विचारू दिलं नाही, स्वतः विचारलं.

"म्हणजे आता कुठं धडकली, तर?"

"नाकाचा चुराडा होईल. बंपर, बॉनेट, चासीचं टोक, काही उरणार नाही. माझं सगळं काम वाया जाईल."

"आणि मग?"

"मग तुम्ही भोसरीला यायचं, माझ्याशी भांडायला. चालत."