डाव्या दारावरचा खडूचा गोल

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा दुकानात शिलाई मशीन चालू होतं. आदिलाबादला माझं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे; बाहेर ट्रकांची वर्दळ, आत मशीनची खडखड. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता. "वहिनी, मोठ्यानं बोला, काही ऐकू येऊन नाही राह्यलं!" मी दोनदा ओरडलो. आणि मग ध्यानात आलं, आपण कोणाला मोठ्यानं बोलायला सांगतोय... गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला त्याला पाच वर्षं झाली, उरली ती फक्त कुजबूज. मशीन बंद करून मी फोन कानाशी घट्ट धरला. "हे गेले, भाऊजी," एवढंच त्या म्हणत होत्या. त्या दोन ओरडण्यांची लाज मला अजून वाटते.

मारोतीभाऊ माझा मावसभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. भैंसा गावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यानं तीस वर्षं फिटरकी केली आणि तिथल्या यंत्रांनी त्याचे कान बरेचसे निकामी केले. काम सोडून जैनथला घरी आला तो अर्धा बहिरा होऊनच. नवऱ्याला ऐकू येत नाही आणि बायकोला बोलता येत नाही, म्हणून लोक चेष्टा करायचे. पण घरात त्यांचं छान चालायचं. भाऊ वहिनींच्या ओठांकडे बघायचा आणि सगळं समजून घ्यायचा. अडचण आली ती गाडीत. एका व्यापाऱ्याच्या गोदामात धूळ खात पडलेली जुनी फियाट त्यानं आणली होती आणि दोन वर्षं खपून स्वतःच्या हातानं उभी केली होती. पहिल्यांदा तिच्यातून आम्ही नेरडीगोंड्याला, वहिनींच्या बहिणीकडे निघालो. मी मागे बसलो होतो. गाडीचा पत्रा न् पत्रा थडथडत होता. वहिनी काहीतरी बोलल्या, ते बघायला भाऊनं मान वळवली, आणि समोर ट्रक! मी किंचाळलो म्हणून वाचलो. त्यानं गाडी बाजूला घेतली. "रस्ता पाहू का इचं तोंड पाहू?" तो म्हणाला. "आता गाडीलेच गप करा लागते, गजू."

तयार आवाजरोधक शीट हैदराबादला मिळतात, पण अख्ख्या गाडीला लावायच्या तर त्या भाऊला परवडणाऱ्या नव्हत्या. जरा थांब म्हटलं, तर गडी ऐकेल कसला! जन्म कापसात गेलेला माणूस, त्याला उपायही कापसाचाच सुचला. जिनिंगमधला टाकाऊ, सरकी राहिलेला कापूस आणून त्यानं चारही दारांच्या पोटात ठासला. काचेच्या फटीतून आत पाणी उतरतं, असं मी सांगितलं. "कापसाचं मले नको शिकवू," म्हणाला. श्रावणात दाराच्या खालच्या भोकातून दोन हिरवी पानं बाहेर आली. "भाऊ, गाडीच्या दारात कपाशी पेरणारा आख्ख्या जिल्ह्यात तूच!" मी म्हटलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला, आणि मग दोन दिवस कुजलेला कापूस उपसत बसला. त्यानंतर आणली छप्पर गळू नये म्हणून लावतात ती डांबरी शीट. मे महिन्यात ती वितळली आणि वहिनींच्या नव्या साडीवर ओघळली. शेवटी मी माझ्या दुकानातले उरलेले तुकडे नेले, रबरासारख्या चिकट शीटचे, वरून चांदीसारखा कागद लावलेले. सगळा पत्रा झाकायची गरज नसते. जिथं वाजतो तिथं मधोमध तळहाताएवढा तुकडा पुरतो. त्यावर पाणी न पिणारा फोम आणि दारांच्या कडांना रबरी पट्टी. एवढ्यात काम भागतं.

पण कुठं वाजतं हे बहिऱ्यानं ओळखावं कसं? "तू ठोक," म्हणाला आणि त्यानं पत्र्यावर तळवा टेकला. मी टिचक्या मारत जायचो. हाताखाली पत्रा थरथरला की तो खडूनं गोल करायचा. एकदाही चुकला नाही. तुकडे दाबून बसवायला त्यानं वहिनींचं लाटणं पळवलं होतं. "पोळ्यायले रबराचा वास येते," वहिनी कुजबुजत भांडायच्या आणि तो मुद्दाम तोंड फिरवायचा. संध्याकाळी इंजिन चालू करून तो वहिनींना डावीकडे बसवायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणायचा, "हं, बोल." महिनाभर काही कळलं नाही. मग छत झालं, तळ झाला, बाकीची दारं झाली आणि एका संध्याकाळी मान न वळवता तो म्हणाला, "बरं, मिरच्या उद्या तोडू." वहिनी तोंडाला पदर लावून रडल्या. आता फक्त वहिनींच्या बाजूचं डावं दार राहिलं होतं. ते झालं की नेरडीगोंड्यापर्यंत हिच्याकडे एकदाही बघणार नाही, असं भाऊ मला फोनवर ओरडून सांगत होता. चार दिवसांनी सकाळी आंघोळीला म्हणून उठला आणि छाती धरून तिथंच बसला...

तेरावं झाल्यावर मी जैनथला गेलो. दार अर्धवट ठेवणं माझ्याच्यानं होईना. दाराचा आतला पुठ्ठा त्यानं काढून ठेवलेला, पत्र्यावर खडूचे पाच गोल, सीटवर लाटणं. गोल करताना या वेळी ठोकायला कोणाला घेतलं होतं, कोण जाणे. मी टिचकी मारून बघत होतो, तेवढ्यात वहिनी आल्या आणि त्यांनी पत्र्यावर तळवा टेकला, अगदी भाऊसारखा. चार गोल बरोबर होते. पाचवा वर, काचेच्या खाली, जाड पट्टीवर होता. तिथं मी पुन्हा पुन्हा ठोकलं. पत्रा मुका. "इथं भाऊचं चुकलं," मी म्हणालो.

वहिनींनी मान हलवली. इंजिन चालू नव्हतं, तरी कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागला. "चुकलं नाही. बोलताना माहा हात हालते न... तिथं बांगड्या आपटत. हे म्हणत, त्या आवाजात तुहं बोलणं बुडते."

मी पत्र्यावर टेकलेल्या त्यांच्या हाताकडे बघितलं. मनगट उघडं होतं. ती जागा आता कधी वाजणार नव्हती. तरी मी एक तुकडा कापला, गोलाच्या मधोमध लावला आणि लाटण्यानं दाबत राहिलो. वहिनींनी हात काढला नाही.