डॉक्टरांचा हात

माझ्या नवऱ्याला वाटतं, माझं सगळं त्याला ठाऊक आहे. वाटू दे. ही एक गोष्ट त्याला ठाऊक नाही, आईला नाही, ज्यांच्याबरोबर रोज डबा खाते त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि अनोळखी माणसासमोर निर्लज्ज होणं सोपं जातं.

आधी कामाचं सांगते. भूगावच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पाठीच्या ऑपरेशनसाठी यंत्र बनवत होतो. मणका मोडला किंवा सरकला की त्यात स्क्रू बसवतात. स्क्रूची वाट जेमतेम पेन्सिलीएवढी, आणि अगदी शेजारून मज्जारज्जू जातो. स्क्रू जरा आत वळला की माणसाचे पाय गेले. आमचं यंत्र डॉक्टरला पडद्यावर दाखवायचं, की हत्यार हाडात आत्ता नेमकं कुठे आहे. त्यासाठी मणक्याला एक छोटी चौकट आवळून बसवायची, तिच्यावर चमकणारे गोळे, आणि वरून कॅमेरा त्या गोळ्यांवर नजर ठेवून. कॅमेऱ्याला हाड दिसत नाही. तो गोळ्यांवरून हाडाचा अंदाज बांधतो. म्हणून चौकटीला धक्का लागला तर थांबायचं, मोठ्याने सांगायचं आणि सगळं पहिल्यापासून जुळवायचं. हा नियम ठळक अक्षरांत भिंतीवर चिकटवला होता. कुणी? मीच.

चाचणीसाठी मेंढीचा कणा असायचा. पौडचा खाटीक तो न तोडता अख्खा काढून द्यायचा आणि दर वेळी विचारायचा, "ह्याचं करता तरी काय ताई? रस्सा तर न्हाई व्हायचा." आणि स्क्रू बसवायला यायचे डॉक्टर. त्यांचं नाव सांगत नाही. कासार आंबोलीला राहायचे – अजून राहतात. साठी ओलांडलेली, सगळी हयात पडद्याशिवाय, नुसत्या हाताने मणके बसवण्यात गेलेली. मुळशीत पाठीचं दुखणं निघालं की लोक त्यांचंच नाव घ्यायचे. आमच्याकडे फुकट यायचे, वर चेष्टा करायचे, "तुमचं कार्टून बघत स्क्रू घालायचा होय?" पण काम मन लावून करायचे. मला फार आवडायचे ते. हे मुद्दाम सांगतेय. आवडत नसते तर मी केलं ते निदान समजण्यासारखं तरी असतं.

त्या दिवशी शेवटचा स्क्रू राहिला होता. बाकीचे मस्त बसले होते. शेड तापली होती, मांसावर माश्या घोंगावत होत्या. एक माशी माझ्या तोंडापाशी आली. मी हात झटकला – आणि हाताची मागची बाजू चौकटीला लागली.

बस. एवढंच. एक माशी.

डॉक्टर पाठमोरे होते, ट्रेमधून ड्रिल उचलत होते. बाकीच्यांचं लक्ष संगणकाकडे. चौकट हललेली डोळ्यांना दिसत नव्हती. मला घाई होती का? नव्हती. कुणाची भीती? तीही नाही. पुन्हा सगळं जुळवायचा कंटाळा आला होता, आणि नियम लिहिणारीनेच चौकटीला धक्का दिला म्हणून सगळे हसतील, असं वाटलं. मी गप्प बसले.

ड्रिल आत जाताना डॉक्टर थांबले. "हाताला वेगळं लागतंय गं. पडदा काय म्हणतो?" पडदा म्हणत होता, सगळं ठीक. मी म्हटलं, "बरोबर आहे सर, जाऊ द्या पुढे." त्यांनी माझं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी स्कॅन आला. शेवटचा स्क्रू सरळ मज्जारज्जूच्या जागेत घुसला होता. भोक यंत्राच्या भरवशावर पाडायचं, पण स्क्रू पिळायचा तो नुसत्या हाताने – त्यामुळे हात तिरका गेला असं म्हणायला जागा होती. कुणी तोंडाने म्हटलं नाही. पण सगळ्यांनी एकदम त्यांच्या वयाचा मान ठेवायला सुरुवात केली. कुणी पाणी आणून दिलं, कुणी खुर्ची पुढे केली.

ते बेसिनपाशी हात धूत होते. मी टॉवेल घेऊन उभी होते. ते हळूच म्हणाले, "मीनल, तू माझ्या शेजारी होतीस. खरं सांग. स्क्रू पिळताना माझा हात हलला का?"

तोपर्यंत धक्क्याबद्दल मी फक्त गप्प होते; बोलले होते ते पडदा म्हणाला तेवढंच. गप्प राहण्याला नाव तरी काय द्यायचं? विसरले म्हणता येतं, लक्षात आलं नाही म्हणता येतं. पण त्यांनी विचारलं. आणि मी म्हणाले, "थोडासा, सर."

त्यांनी टॉवेल घेतला, एकेक बोट पुसलं. म्हणाले, "तरीच. हाताला वेगळं लागलं तेव्हाच कळायला हवं होतं मला. बरं झालं बोललीस. बाकीचे भिडेपोटी सांगायचे नाहीत."

त्यांनी ऑपरेशनं बंद केली. पुढच्याच आठवड्यात हौसामावशीचं ऑपरेशन होतं – मेंढरं राखणारी बाई, कित्येक महिने त्यांच्या तारखेसाठी थांबलेली. ती मला पौड रस्त्याला भेटली. "डाक्टर न्हाई म्हनले मला. हात हलतो म्हनं. तुमी तितं व्हता ना, खरं हाय का?" मी म्हटलं, "वय झालं की होतं, मावशी." ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या कुनाम्होरं न्हाई मी पाठ उघडी करायची." नाहीच केली. आता ती कमरेतून वाकून चालते, समोरचं माणूस ओळखायला तिला मान तिरकी करावी लागते. मला बघून हसते.

यंत्र पुढे चांगलं झालं. हाडावर आणखी एक खूण बसवली, चौकट तिच्यापासून सरकली की पडदा लाल होतो. कल्पना माझी. हे तुला सुचलं कसं, म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मी म्हटलं, असंच.

मागच्या महिन्यात डॉक्टरांच्या नातवाचं बारसं झालं. मला बोलावणं असतंच. त्यांच्या घरी मी खरं बोलणारी मुलगी आहे. पाळणा बांधताना दोरीला बारीक गाठ बसली होती, कुणाला सुटेना. डॉक्टरांनी ती नखांनी उकलली, सहज बोलता बोलता. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. जराही हलत नव्हती.

मग सून बाळ घेऊन आली. "बाबा, आज तरी घ्या ना." त्यांनी दोन्ही हात मागे नेले. "नको गं. माझ्या हाताचा भरवसा नाही. हिला विचार, हिने डोळ्यांनी बघितलंय."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

मग तिने बाळ माझ्याकडे दिलं. मी घेतलं.