दरेकसाचा एकुलता एक साहेब

जपानी माणूस भात खातो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी चौथीनंतर शाळा सोडली आणि जपान बहुधा पाचवीत होता.

मी बार्शीकडचा, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. गोंदियाच्या एका हॉटेलात कपबशा विसळताना हिवतापाने आडवा झालो, तेव्हा दरेकसाच्या पाटलांनी घरी आणून मला जगवलं. त्या उपकारापोटी वर्षभर तिन्ही वेळचा भात मी मुकाट गिळत होतो.

अशात धानाची वाणं अभ्यासायला जपानचा एक विद्यार्थी महिनाभर पाटलांकडे उतरला.

"सदू, तू हॉटेलातला. याचं खानंपिनं तुयाकडे," पाटील म्हणाले. "दर बाजाराच्या दिवशी धानाच्या काट्यावर तोलून पाहू. पाहुना घटला, तं त्याले गोंदियाच्या गाडीत बसवीन, अन् संगं तुलेबी."

परदेशी म्हणजे साहेब आणि साहेब म्हणजे पाव, एवढं मला पक्कं ठाऊक. रोज गाडीने गोंदियाहून पाव मागवला. भाताचा वाससुद्धा नको म्हणून त्याचं टेबल पडवीत मांडलं. (मलाच भात नकोसा, तर त्या बिचाऱ्याला किती!) तो कमरेत वाकून म्हणायचा, "बहुत अच्छा." हिंदी तेवढंच येत होतं त्याला.

पहिल्या बाजाराला तो दीड शेर घटला. मी पाव दुप्पट केला, जोडीला उकडलेले अळणी बटाटे. दुसऱ्या बाजाराला तीन शेर! पाटील काट्याकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"सदू, आता एकच बाजार पाहीन. मंग गाडी सकाळी नवाले हाये."

घाबरून मी पावाला मोहफुलांचा मुरंबा लावला. तो खाऊन पाहुणा दोनदा वाकला. पहिल्यांदा नमस्कारासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घेऊन गेलो, तर पडवी रिकामी. पळाला, असंच वाटलं. शोधत स्वयंपाकघरात शिरलो. पाहुणा पाटलीणबाईंजवळ उकिडवा बसून, रात्री पाण्यात घातलेला भात, म्हणजे बासी, कांद्यासोबत ओरपत होता. तिसरा वाडगा.

"काऊन गा सदू, या लेकराले पाव कायले चारून राहिला?" पाटलीणबाई म्हणाल्या. "धान पाहाले आला, तं घरी भातच खात असन ना? मी नुसता भाताचा गंज उघडून दाखवला, तं डोये भरले त्याचे."

"पण रोज 'बहुत अच्छा' म्हणायचा की!"

"तूबी तं वर्षभर माया भाताले 'बेस' म्हनूनच राहिला ना."

मी खाली बघितलं. पाहुण्याने, काही न कळता, आपला कांदा माझ्यापुढे केला.

तिसऱ्या बाजाराला काटा पाहुण्याच्या बाजूने दणकन खाली बसला आणि माझी गाडी चुकली. पण पाव महिन्याभराचा सांगून ठेवलेला, टाकणार कसा? तेव्हा पाहुणा रोज आत जमिनीवर बसून हाताने बासी खायचा आणि बाहेर पडवीत टेबलाशी, सुरीने पावाला लोणी फासत, दरेकसाचा एकुलता एक साहेब बसलेला असायचा. चौथी पास.